गाळा घेण्याआधी पोळीचा हिशोब: भांडुपमधल्या एका छोट्या व्यवसायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव बदललं आहे) भांडुप पश्चिमेला चाळीत राहतात. वय ४१, शिक्षण दहावीपर्यंत. २०२३ च्या जूनमध्ये त्या पाच घरी पोळ्या करायला जात होत्या. पाच घरांचे मिळून महिन्याला १४,००० रुपये मिळायचे. घरं लांब लांब असल्याने चालणं धरून दिवसाचे सहा तास जायचे. महिन्याचे २६ दिवस धरले तर तासाला साधारण ९० रुपये पडतात. हा आकडा तोवर त्यांनी कधी काढला नव्हता. पुढचे सगळे निर्णय मात्र त्याच आकड्यावर उभे राहिले.

नवरा टेम्पो चालवतो, मुलगा बारावीला. त्याच चाळीत तळमजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ सविता (हेही नाव बदललेलं) राहतात. सविताच्या खोलीमागे ओटा, मोरी आणि थोडी मोकळी जागा आहे. ती पुढे कामी आली.

स्वतःचं पोळी-भाजी केंद्र काढायचं सुनंदाताईंच्या मनात बरीच वर्षं होतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर १२० चौरस फुटांचा गाळा मिळत होता. डिपॉझिट दीड लाख, भाडं महिना १८,०००, करार ११ महिन्यांचा. ओळखीतला एक एजंट तीन लाखांचं मुद्रा कर्ज करून देतो म्हणत होता आणि प्रोजेक्ट रिपोर्टचे ३,००० रुपये आधी मागत होता. गाळामालक दोन आठवडे थांबायला तयार झाला. त्याच दोन आठवड्यांत जवळच्या एका सभागृहात लघुउद्योग सुरू करण्याची कार्यशाळा होती. तीन शनिवार, सकाळी १० ते ५, फी ५०० रुपये. घरच्यांच्या आग्रहाने सुनंदाताईंनी नाव घातलं.

अडचण

कार्यशाळेला येताना त्यांचा हिशोब तयार होता, तोही एका ओळीचा. पोळीला खर्च तीन रुपये, विक्री आठ रुपयांना, पाच सुटतात. रोज ३०० गेल्या तर दीड हजार, महिन्याला ३९,०००. भाडं वजा जाता २१,०००. पाच घरांच्या १४,००० पेक्षा सात हजार जास्त, शिवाय मालकी स्वतःची.

या हिशोबात दोन बाया फुकट राबत होत्या. कर्जाचा हप्ता नव्हता. पोळी गिऱ्हाइकाच्या हातात कशी पडणार, याचा खर्च नव्हता. आणि ३०० हा आकडा दुसऱ्याच्या चालत्या केंद्रासमोरची गर्दी पाहून घेतलेला होता. ते केंद्र कित्येक वर्षं जुनं, गिऱ्हाईक बांधलेलं. नव्या गाळ्यासमोर पहिल्या महिन्यात तेवढी रांग लागत नाही.

ही चूक हिशोब येत नाही म्हणून होत नाही. जी बाई घरखर्चाचा पैसा-पैसा लिहून ठेवते, तीही स्वतःच्या तासांना शून्य किंमत धरते. घरात तेच चालत आलेलं असतं.

कार्यशाळा

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, जिल्हा उद्योग केंद्र, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), बचत गट, स्थानिक मंडळं अशा अनेकांकडून असे वर्ग होतात. पुष्कळदा सगळं एका दिवसात उरकलं जातं. सकाळी प्रेरणा, दुपारी योजना, संध्याकाळी प्रमाणपत्र. इथे तीन शनिवार होते आणि दोन शनिवारांच्या मधल्या आठवड्यात गृहपाठ होता. आमच्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त काम त्या गृहपाठानेच केलं.

पहिल्या शनिवारी विषय गिऱ्हाइकाचा. लिज्जतची गोष्ट अशा प्रत्येक वर्गात निघते. १९५९ साल, गिरगाव, सात जणी, उसने घेतलेले ८० रुपये. इथेही ती सांगितली गेली, पण भर वेगळ्या ठिकाणी दिला. त्यांची सुरुवात इमारतीच्या गच्चीवर झाली, आणि पुढे काम एवढं वाढल्यावरही लाटणाऱ्या बायका पीठ घरी नेऊन घरीच पापड लाटतात. दुकान आधी आणि धंदा नंतर, हा क्रम तिथे नव्हता.

गृहपाठ असा दिला: तुमच्या मालाचे संभाव्य गिऱ्हाईक असलेल्या किमान तीस घरी जा, भाव सांगा आणि एका आठवड्याचे पैसे आगाऊ मागा. ‘घ्याल का?’ एवढं विचारून परत यायचं नाही.

सुनंदाताई ३४ घरी गेल्या. १९ घरांनी ‘हो, नक्की घेऊ’ म्हटलं. आगाऊ पैसे दिले सात घरांनी. सात घरांच्या मिळून रोजच्या ४२ पोळ्या. तीनशेच्या अंदाजासमोर हा आकडा उभा राहिला तेव्हा गाळ्याचा विषय पहिल्यांदा सैल झाला.

दुसरी गोष्ट याच फेरीत कळली. त्यांनी दुपारच्या ऑफिसच्या डब्यांचा विचार केला होता. मागणी निघाली संध्याकाळी सात ते साडेआठची. दोघंही नोकरीवरून येणारी कुटुंबं भाजी घरी करतात, भात कुकरला लावतात, आणि अडतं ते पोळीपाशी. गाळा स्टेशनच्या रस्त्यावर होता, गिऱ्हाईक टॉवरच्या नवव्या मजल्यावर. गाळा घेतला असता तरी पोळी घरपोच द्यावीच लागली असती.

खर्चाचा हिशोब

दुसरा शनिवार पूर्ण याच कामाला दिला होता. अट एकच: अंदाज चालणार नाही, वजन करून आणि घड्याळ लावून आणायचं. सुनंदाताई आणि सवितानं घरी १०० घडीच्या पोळ्या केल्या, वजनकाट्यावर पीठ मोजलं, सिलिंडर आधी आणि नंतर तोलला. शंभर पोळ्यांचा खर्च असा आला:

पीठ ३ किलो (पोळीमागे २८ ग्रॅम, वर लाटायला २०० ग्रॅम), दळण आणि निवडताना जाणारी घट धरून किलोला ४६ रुपये: १३८
तेल २०० मिली: २४
मीठ: १
गॅस ३५० ग्रॅम, व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने: ३२
बटर पेपर आणि कागदी पिशवी, चार पोळ्यांचं एक याप्रमाणे २५ पाकिटं: ४०
करपलेल्या, फाटलेल्या, उरलेल्या पोळ्या: १०
मजुरी, दोघी प्रत्येकी सव्वा तास, सुनंदाताई ९० आणि सविता ६० रुपये तासाने: १८८
पोहोचवणं: ५०

एकूण ४८३, म्हणजे पोळीला ४ रुपये ८३ पैसे.

गॅसची ओळ समजावून सांगायला हवी. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, त्यामुळे हिशोब १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवरच करायचा. तेव्हा तो मुंबईत सतराशे रुपयांच्या आसपास होता, म्हणजे किलोला ९० रुपये. घरच्या सिलिंडरवर हिशोब मांडणाऱ्याला पोळी स्वस्त वाटते आणि एजन्सीचं जोडणीपत्र आल्यावर नफा आटतो.

सुनंदाताईंचा ‘तीन रुपये’ अंदाज मालापुरता जवळजवळ बरोबर होता. मालाचा खर्च खरं तर अडीच रुपयांच्या आतच निघाला. राहिली होती ती मजुरी आणि पोहोचवणं.

आता गाळा या हिशोबात बसवून पाहिला. आठ रुपयांच्या पोळीमागे ३ रुपये १७ पैसे उरतात. भाडं १८,०००, वीज २,०००, तीन लाखांचा पाच वर्षांचा हप्ता १२ टक्क्यांनी ६,६७३. महिन्याचा ठरलेला खर्च २६,६७३. तो भागवायला महिन्याला सुमारे ८,४०० पोळ्या, रोज ३२४. म्हणजे मनातल्या तीनशे पोळ्या पहिल्या दिवसापासून गेल्या असत्या, तरी महिन्याला दोन हजारांच्या आसपास तूट. हातात होत्या ४२.

तिसरा शनिवार परवाने आणि कर्जाचा. हा दिवस सगळ्यात कमकुवत गेला. एकामागून एक वक्ते आले, योजनांची नावं सांगून गेले. ‘पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) शहरी महिलांना २५ टक्के अनुदान’ हे वाक्य सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. पण ते अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत कर्जाच्या नावे तीन वर्षं ठेवीत अडकून राहतं आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावरच कर्जात वळतं होतं. तोवरचा हप्ता स्वतःच भरायचा असतो. ही अट कुणीतरी विचारलं म्हणून सांगितली गेली. कुणी विचारलं नसतं तर सगळ्याच २५ टक्के सूट समजून घरी गेल्या असत्या.

समोर असलेले पर्याय

एक, गाळा आणि कर्ज. वरच्या हिशोबानंतर तो टिकत नव्हता, पण एवढ्याने तो सुटलाही नाही. नवऱ्याचं म्हणणं होतं की चाळीतून केलेल्या धंद्याला कुणी धंदा म्हणत नाही, गाळा असला की गिऱ्हाईक आपोआप येतं. रस्त्यावरच्या जागेला किंमत असते, हे खरंच आहे. मात्र ती किंमत येणाऱ्या-जाणाऱ्याला माल विकणाऱ्यासाठी असते, आणि सुनंदाताईंचं गिऱ्हाईक घरपोच मागत होतं.

दोन, जुन्या केंद्राला पोळ्या करून देणं. पीठ, तेल, गॅस त्यांचा, पोळीला अडीच रुपये मजुरी. जोखीम शून्य. शंभर पोळ्यांना दोघींना मिळून २५० रुपये, म्हणजे ९० च्या दरापेक्षा थोडं चांगलंच. वाईट पर्याय नव्हता. पण गिऱ्हाईक कायम केंद्राचं राहणार होतं, आणि केंद्रावर दुपारीही उभं राहावं लागणार होतं.

तीन, चाळीतल्या आणखी चौघींना घेऊन बचत गट. यावर चर्चा फारशी झाली नाही. ४२ पोळ्यांत सहा जणींची मजुरी निघत नाही.

चार, सविताच्या खोलीतून संध्याकाळी, आगाऊ मागणीवर, कर्ज न घेता सुरुवात.

मुलाने यूट्यूबवर पोळीयंत्र पाहिलं होतं. दाबून होणारी पोळी फुलक्यासारखी येते, घडीचे पदर सुटत नाहीत. सात घरांनी पैसे दिले होते ते घडीच्या पोळीसाठी. यंत्र तिथेच बाद झालं.

निर्णय

चौथा पर्याय निवडला गेला. गाळामालकाला नकार कळवला, एजंटाला पैसे दिले नाहीत.

त्यातला खरा विचार घरं सोडण्याचा होता. पाचही घरं एकदम सोडायची की थांबायचं? सुनंदाताईंनी संध्याकाळची दोन घरं सोडली, सकाळची तीन ठेवली. दोन घरांचे ५,६०० रुपये गेले. ४२ पोळ्यांतून तेवढे भरून निघणार नव्हते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी घरखर्चाचे १२,००० रुपये बाजूला काढून ठेवले. कार्यशाळेतल्या तक्त्यात ‘भांडवल’ म्हणजे शेगडी आणि तवा एवढंच होतं. संसाराची तूट भरायचे पैसे हेही भांडवलच, हे तक्त्यात कुठेही नव्हतं. आम्ही तरी ती ओळ सगळ्यात वर घालू.

दुसरा निर्णय भावाचा. केंद्रावर पोळी आठला, काही ठिकाणी सातला मिळत होती. सुनंदाताईंनी नऊ ठेवला, घरपोच, गरम, किमान पाच पोळ्या. सवितानं हरकत घेतली: “ताई, आठला मिळते तर नऊला कोण घेईल?” आगाऊ दिलेल्या सात घरांना विचारलं. एका घराने नाव काढलं, सहा राहिली. त्या एक रुपयाने पोळीमागचं उरणं ३.१७ वरून ४.१७ वर गेलं.

अंमलबजावणी

सुरुवातीचा सगळा खर्च १३,००० रुपयांत बसला. अन्न सुरक्षा नोंदणी, मोठी दोन बर्नरची शेगडी, लोखंडी तवे, व्यावसायिक गॅसचं डिपॉझिट आणि पहिला सिलिंडर, वजनकाटा, जाळ्या, डबे आणि पाकिटं.

नोंदणी ऑनलाइन, फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर झाली. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असल्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे साधी नोंदणी पुरली, वर्षाला १०० रुपये, पाच वर्षांचे एकदम ५०० भरले. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. जागा सविताच्या नावे असल्याने तिचं संमतीपत्र जोडलं. १४ अंकी क्रमांक मिळाला, तो पाकिटावरच्या शिक्क्यात घेतला. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. सरकारी वाटणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर तिचे पैसे घेतले जातात, वर्गातल्या दोघी तिथे फसल्या. गाळा असता तर याशिवाय महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना, हेही करावं लागलं असतं.

पहिल्या पंधरवड्यात तक्रार एकच होती, पोळी ओली येते. कारण साधं आहे. तव्यावरून काढलेली पोळी लगेच गुंडाळली की आतली वाफ बाहेर पडून कागदाला लागते आणि पाणी होऊन परत पोळीवर उतरते. फॉइलमध्ये हे जास्तच होतं. उपाय बसवला तो असा: पोळी जाळीवर तीन-चार मिनिटं एकेकटी, मग सुती कपड्यात चळत, मग बटर पेपर, वर कागदी पिशवी. प्लास्टिक नाही. कणीक मळून किमान अर्धा तास झाकून ठेवायची, तेलाचा हात मळतानाच लावायचा. पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा धरतं, त्यामुळे नेहमीचं पाणी घातलं की कणीक सैल होते आणि लाटताना पीठ जास्त लागतं. जास्त पीठ लागलेली पोळी तासाभरात कडक पडते. जुलैत सुनंदाताईंनी किलोमागे पाणी दोन-तीन चमचे कमी केलं.

भाजीही द्या, असं गिऱ्हाईक म्हणू लागलं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे सुकी भाजी करून पाहिली. रोज पाव हिस्सा उरायचा. कुणाला बटाटा नको, कुणाला लसूण नको. बंद केली. बुधवारी पिठलं किंवा उसळ, तीही आदल्या रात्रीपर्यंत सांगितलं तरच, एवढं ठेवलं.

उधारीचा अनुभव महागात गेला. एका छोट्या ऑफिसने महिनाअखेर पैसे देतो म्हणून पोळ्या घेतल्या आणि ४,३०० रुपये दोन महिने थकवले. एका मध्यम आकाराच्या धंद्याला हे काहीच नाही. इथे ते एका महिन्याच्या पिठाहून जास्त पैसे होते. त्यानंतर कार्डपद्धत आली: १०० पोळ्यांचे ९०० रुपये आधी, दिलेल्या पोळ्यांची कार्डावर खूण, कार्ड संपलं की नवं. गिऱ्हाइकांनी फारशी खळखळ केली नाही. रोजचे सुट्टे पैसे त्यांनाही नको होते.

सणांचं गणित

हा भाग कार्यशाळेत आलाच नाही, आणि गाळ्याच्या निर्णयाला तोच सगळ्यात जास्त लागू होता.

ऑगस्टअखेर रोजच्या पोळ्या ७५ वर, सप्टेंबरच्या सुरुवातीला ९० वर गेल्या. १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली आणि विक्री ३० वर उतरली. भांडुपमध्ये कोकणातली वस्ती मोठी, इमारतीच्या इमारती गावाला रिकाम्या होतात. उरलेल्यांच्या घरी पाहुणे, नैवेद्य, स्वयंपाक घरातच. ती गणपतीला गेलेली घरं परतली तोवर पितृपक्ष, मग नवरात्र. उपासांमुळे घरातली एक-दोन माणसं पोळीच खात नाहीत. विक्री ६० च्या आसपास. १२ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात दोघींनी काम बंदच ठेवलं. घट भरून काढायला चतुर्थीच्या दिवशी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या, २१ चा एक संच, ३० रुपयांचा मोदक, ११ संच. दोघींचे पाच-पाच तास गेले आणि त्या पंधरवड्याची तूट त्या एका दिवसाने बरीचशी भरली.

गाळा असता तर या दोन महिन्यांत भाडं आणि हप्ता मिळून दरमहा २४,६७३ रुपये चालूच राहिले असते. तीस पोळ्यांचं उरणं दिवसाला शंभर रुपयांच्या घरात. अन्नधंद्यात वर्षाचं पंचांग समोर ठेवून दर महिन्याचा वेगळा अंदाज मांडल्याशिवाय भाड्याच्या करारावर सही करू नये, असं आम्ही ठामपणे म्हणतो. सरासरी वर्षाची निघते, भाडं मात्र दर महिन्याला द्यायचं असतं.

डिसेंबरमध्ये विक्री १४० वर गेली. दोघींचे हात पुरेनात, विशेषतः कणीक मळताना सविताचे खांदे दुखू लागले. आता कर्जाचा विचार पुन्हा आला. जानेवारी २०२४ मध्ये मुद्राच्या शिशु, म्हणजे सगळ्यात लहान कर्जाच्या गटातून ५०,००० रुपये घेतले, तारण लागत नाही. बँकेत जाताना एजंट नव्हता. कार्डांची वही, सहा महिन्यांचं यूपीआयचं स्टेटमेंट, यंत्राचं कोटेशन आणि उद्यम प्रमाणपत्र एवढं नेलं. ५ किलोचं कणीक मळण्याचं यंत्र १६,५००, दोन तव्यांची भट्टी ९,०००, स्टीलचं टेबल ७,५००, गरम राहणारे दोन मोठे डबे ५,०००. उरलेल्या १२,००० चा नव्या हंगामाचा तीन क्विंटल गहू मार्चअखेर भरला, तो दोन महिने पुरला.

यंत्रामुळे शंभर पोळ्यांचा वेळ सव्वा तासावरून तासावर आला. मग सविताचा दरही ९० केला, तरी शंभरामागची मजुरी १८८ वरून १८० वरच आली.

परिणाम

जून २०२४ मध्ये साध्या आठवड्यात रोज १९०, महिन्याला ४,९४० पोळ्या. पीठ किलोला ४९ झालं होतं, तरी पोळीचा खर्च ४ रुपये ८४ पैशांवर राहिला. पोळीमागे ४.१६ प्रमाणे २०,५५० उरले. त्यातून सविताच्या जागेचे २,०००, वीज-साबण वगैरे १,०००, हप्ता १,६६० वजा करून १५,८९०. यातला पाव हिस्सा सविताचा. मजुरी धरून सुनंदाताईंना या धंद्यातून सुमारे १६,४०० आणि ठेवलेल्या दोन घरांचे ५,६०० असे महिन्याला २२,००० मिळाले. सकाळचं तिसरं घर त्यांनी फेब्रुवारीत सोडलं. सविताला मजुरी आणि हिस्सा मिळून ८,४००, जागेचे वेगळे. तिची याआधी स्वतःची कमाई नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

व्यावसायिक गॅसची जोडणी मिळायला पाच आठवडे लागले, आणि पहिले तीन आठवडे काम घरच्या सिलिंडरवर झालं. ते व्हायला नको होतं. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय चाळीत आग लागली तर विमा आणि भरपाई दोन्ही अडतात. जोडणीचा अर्ज पहिल्या शनिवारनंतरच टाकायला हवा होता, आणि तोवर मागणीचं आगाऊ घेणं पुढे ढकलता आलं असतं.

सवितासोबत सुरुवातीला काहीच लिहून ठरवलं नव्हतं. मजुरी की वाटा, हा प्रश्न डिसेंबरमध्ये, खांदे दुखत असताना निघाला, आणि दोन आठवडे दोन्ही घरांत अबोला होता. पाव हिस्सा शेवटी दिरांनी मध्यस्थी करून ठरवला. जावा-जावांत लिखापढी कशाला, असं सगळ्यांनाच वाटतं. पण एका कागदावर चार ओळी पुरल्या असत्या: जागेचं भाडं किती, तासाचा दर किती, उरलेल्यात वाटा किती, आणि एकीला बाहेर पडायचं असेल तर भट्टी-यंत्र कुणाचं. कार्यशाळेत भागीदारीचा विषय फक्त परक्या माणसाशी करायच्या कराराचा म्हणून शिकवला गेला. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकींची भागीदार नवरा, सासू, जाऊ किंवा बहीण होती.

हिशोबात शंभर पोळ्यांना एक तास धरला आहे, तो लाटण्या-भाजण्याचा. गिरणीची फेरी, गहू निवडणं, व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी लिहिणं, भांडी, ओटा, मोरी यात रोजचा आणखी दीड तास जातो आणि तो अजूनही कुठेच धरलेला नाही. तो धरून भाव पुन्हा तपासायला हवा.

आयोजकांसाठीही एक सूचना. तिसऱ्या शनिवारच्या वक्त्यांपैकी निम्मे वगळून तो अर्धा दिवस गणपतीनंतर ठेवला असता, तर वर्गातल्या २८ जणींपैकी ज्यांनी काम सुरू केलं त्यांना उधारी, मंदी आणि घरातली भागीदारी हे प्रश्न प्रत्यक्ष आकडे घेऊन मांडता आले असते. ३० आणि ९० दिवसांनी आयोजकांचे फोन आले, पण दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: ‘सुरू केलं का?’

गाळ्याचा विषय संपलेला नाही. नऊ रुपये भाव आणि जून २०२४ चा खर्च धरला तर पूर्वीच्याच भाड्याला, विजेला आणि हप्त्याला रोज सुमारे २५० पोळ्या पुरतात, आधीच्या हिशोबातल्या ३२४ नव्हेत. सुनंदाताईंनी अट घातली आहे ती अशी: सलग तीन महिने रोजची सरासरी २५० च्या वर, आणि त्या तीन महिन्यांत गणपती आलाच पाहिजे.